सहा घड्याळांचा फळा

रमजानच्या आधी गारखेड्यातल्या आमच्या मशिदीत नवीन डिजिटल घड्याळ लागलं. लाल ठळक आकडे, पाचही नमाजांच्या वेळा, सूर्योदय, सूर्यास्त, इंग्रजी तारीख, हिजरी तारीख, वर तापमानसुद्धा. त्यासाठी जो चंदा जमला त्यात आमचेही पैसे आहेत, तेव्हा तक्रार करायला आम्हाला तोंड नाही. मागच्या सफमधल्या म्हाताऱ्या मंडळींनाही आकडे स्पष्ट दिसतात, वीज गेली तरी बॅटरीवर चालतं. चांगलंच झालं.

फक्त एक झालं. त्या भिंतीवरचा जुना फळा उतरवला गेला.

तो फळा ठाऊक नसेल असा वाचक आपल्या मासिकाला क्वचितच असेल. लाकडी चौकट, काच, आत सहा गोल तबकड्या आणि त्यांखाली नावं: फजर, जोहर, असर, मगरिब, इशा, जुमा. प्रत्येक तबकडीवर दोन काटे, पण आत यंत्र नाही. काटे हाताने फिरवायचे आणि ठेवायचे. जमातची वेळ बदलली की मुअज्जिन साहेब काच उघडून बोटाने काटा पुढे-मागे करत. मगरिबच्या काट्याला तर दर चार-सहा दिवसांनी हात लागायचा. सहा घड्याळं, सहाही बंद, आणि सहाही बरोबर!

हे असं वाक्य आमच्या डोक्यातलं नव्हे. ते आमच्या भाचीचं. अकरावीत आहे. मशिदीच्या दारावरून जाताना वरांड्यातली रिकामी भिंत तिला दिसली आणि ती तडक आमच्याकडे आली. "मामू, तो फळा कुठे गेला?" आम्ही म्हटलं, भंगारात गेला असेल, का? तेव्हा ती हे वाक्य बोलली. आणि मग लक्षात आलं की मुंबईची सहल अजून तिच्या डोक्यातून उतरलेली नाही.

त्या सहलीचं सांगायला हवं. दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुंबईत काळा घोडा कला महोत्सव भरतो. 1999 पासून, नऊ दिवस, तिकीट नाही. फोर्ट भागातला एक रस्ता वाहनांना बंद करतात आणि त्यावर इन्स्टॉलेशन, मराठीत मांडणशिल्पं, उभी करतात. चित्र भिंतीवर टांगतात, पुतळा चबुतऱ्यावर बसतो. मांडणशिल्प तुमच्या वाटेतच उभं असतं, तुम्ही त्याच्याभोवती फिरता, कधी आत शिरता. लोखंड, कापड, सायकलची चाकं, बाटल्या, जे हाताला लागेल त्यातून ते बनतं आणि महोत्सव संपला की मोडून टाकतात. आम्हाला मुंबईत काम होतं, आपाला दोन दिवस सुटी होती, भाचीने हट्ट धरला. दुल्हेभाई म्हणाले, वेळ फुकट घालवायला इतक्या लांब जायची काय गरज, तो इथेही घालवता येतो. पण आरक्षण त्यांनीच करून दिलं. देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघालो, सकाळी बोरीबंदर.

खरं सांगायचं तर त्या गर्दीतल्या बऱ्याच गोष्टी आम्हाला कळल्या नाहीत. लोक शिल्प बघतात त्यापेक्षा शिल्पाकडे पाठ करून फोटो जास्त काढतात. आपा तर तासाभरात बसायला जागा शोधू लागली. पण ज्या घोड्यावरून त्या भागाला नाव पडलं त्याची गोष्ट मात्र आम्हाला भिडली. इंग्रजांच्या काळात तिथे राजे सातवे एडवर्ड यांचा घोड्यावर बसलेला काळा पुतळा होता, अल्बर्ट डेव्हिड ससून यांनी दिलेला. 1965 मध्ये तो तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. घोडा गेला, लोकांनी नाव सोडलं नाही. बावन्न वर्षं लोक टॅक्सीवाल्याला काळा घोडा सांगत होते आणि तिथे घोडाच नव्हता. 2017 मध्ये नवा घोडा बसवला, शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेला. त्याच्या पाठीवर राजा नाही, पाठ मोकळी आहे. भाची त्या मोकळ्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मामू, आपला सूतगिरणी चौक पण असाच आहे ना?"

गारखेड्याच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: सूतगिरणी चौक आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. रिक्षावाला, भाजीवाला, शाळेची बस, सगळे तिथेच थांबतात. चौकात सूत मात्र कुणी कातत नाही. आमच्या भाचीच्या वयाच्या मुलांनी नावात गिरणी ऐकली, गिरणीचा भोंगा ऐकला नाही. तसंच शहराचं. कागदावर छत्रपती संभाजीनगर लिहितो, आमच्या अम्मींच्या तोंडी अजून औरंगाबाद येतं. जो गेला तो काळ नावात राहतो, किंवा नाव जातं आणि काळ माणसांच्या तोंडात राहतो.

तिथून पाच मिनिटांवर मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर. 1878 मध्ये पूर्ण झालेला, सुमारे 85 मीटर उंच. शेअर बाजारातले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आईचं नाव द्यायला सांगितलं. अशी गोष्ट सांगतात की राजाबाई अंध होत्या आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताच्या आत जेवायच्या. दिसत नसल्यामुळे वेळ कळत नसे. टॉवरची घंटा वाजली की त्यांना कळे, कुणाला विचारावं लागत नसे. आम्ही आपाला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे अगदी इफ्तारच्या सायरनसारखं, फक्त उलटं." आपा नर्स आहे, तिचं आयुष्य ड्युटीच्या वेळेवर चालतं. वेळेच्या गोष्टी तिला लवकर कळतात.

असरला आमची फजिती झाली. जवळच्या एका मशिदीत घाईने गेलो तर जमात होऊन बराच वेळ झालेला. मशीद शाफई मसलकाची होती. आम्ही मराठवाड्यातले हनफी लोक सावली वस्तूच्या दुप्पट होईपर्यंत थांबतो, शाफई मंडळी एक पट सावलीवर असर पढतात. कोकणातल्या वाचकांना यात नवं काही नाही, पण आमच्या भाचीला मोठं नवल वाटलं. एकाच शहरात, एकाच उन्हात, दोन असर! त्यांच्यात पाऊण-एक तासाचं अंतर, आणि दोन्ही बरोबर. मुंबईला अशी सवय जुनी आहे म्हणा. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली तरी मुंबईने आपली स्वतःची वेळ कित्येक वर्षं सोडली नाही. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होती. दोन घड्याळांवरून तेव्हा वाद झाले, सभा झाल्या. वेळ कुणाची मानायची हा काही साधा प्रश्न नाही.

परतीच्या गाडीत भाची मोबाईलवर काय काय दाखवत राहिली. डेन्मार्क-आइसलंडचे एक कलाकार आहेत, ओलाफुर एलियासन. ग्रीनलंडच्या समुद्रातले बर्फाचे प्रचंड तुकडे आणून त्यांनी शहराच्या चौकात घड्याळाच्या तबकडीसारखे बारा ठिकाणी गोल मांडले. पहिल्यांदा 2014 मध्ये कोपनहेगनला, मग 2015 मध्ये पॅरिसला, तिथे हवामानबदलावर जगभरची परिषद चालू असताना. 2018 मध्ये लंडनलाही बर्फ नेला. लोक येत, हात लावत, कान लावून आतले बुडबुडे फुटण्याचा आवाज ऐकत, मुलं चाटून बघत. काही दिवसांत सगळं वितळून गेलं. घड्याळ संपलं, तेच सांगायचं होतं. घरी आल्यावर दुल्हेभाईंना हे दाखवलं. ते म्हणाले, "बर्फ वितळतो हे बघायला लंडनला कशाला? मे महिन्यात शहागंजात रसवंतीवर उभे राहा." आम्ही हसलो. पण दुल्हेभाईंच्या दुकानात पाण्याच्या टाक्या आणि पाइप विकले जातात, आणि उन्हाळ्यात आपल्या शहरात नळाला किती दिवसांआड पाणी येतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्यांनी तो व्हिडिओ दुसऱ्यांदा मागून घेतला.

आम्हाला मात्र जर्मनीचं उदाहरण जास्त आवडलं. कासेल नावाच्या गावात दर पाच वर्षांनी मोठं कलाप्रदर्शन भरतं. 1982 मध्ये योसेफ बॉइस या कलाकाराने तिथल्या संग्रहालयासमोर बेसाल्टच्या सात हजार दगडांचा ढीग लावला. नियम असा: शहरात ओकचं एक झाड लावायचं, त्याच्या शेजारी ढिगातला एक दगड रोवायचा. झाडं लागतील तसा ढीग कमी होईल. लोकांनी सुरुवातीला नाकं मुरडली, शहराच्या मध्यावर हा कसला दगडांचा पसारा म्हणून. ढीग संपायला पाच वर्षं लागली. बॉइस 1986 मध्ये वारले. शेवटचं झाड 1987 मध्ये त्यांच्या मुलाने लावलं. आज झाडं दगडांच्या वर कितीतरी गेली आहेत. दगड आहे तेवढाच आहे, झाड वाढतंय. शेजारी उभं राहिलं की काळ मोजायला आणखी काही लागत नाही. कयामत समोर दिसत असली आणि हातात रोप असलं तरी ते लावून टाका, ही तालीम आपल्याला नवीन नाही, त्यामुळे बॉइस आम्हाला परका वाटला नाही. बेसाल्ट तर आपल्या घरचाच, वेरूळची लेणी त्यातच कोरली आहेत.

इथे दुल्हेभाईंच्या बाजूचंही म्हणणं मांडलं पाहिजे, कारण घरात खरा मुद्दा बर्फ आणि झाडांचा नव्हताच. भाचीला बारावीनंतर कलेच्या शिक्षणाला जायचंय. दुल्हेभाईंच्या शंका दोन. एक, माणसं आणि जनावरं चितारायची असतील तर ते आपल्या घरात कसं बसणार. दोन, त्यावर पोट कसं भरणार. पहिल्या शंकेवर घराघरात वेगवेगळं मत आहे, आम्ही इथे फतवा द्यायला बसलेलो नाही. एवढंच म्हणू की वेळेवर काम करायला चेहरा लागत नाही. आपल्या पूर्वजांनी ते करून दाखवलं आहे. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत इब्न अल-शातिर नावाचे मोठे खगोलतज्ज्ञ मुवक्कित होते, म्हणजे नमाजांच्या वेळा ठरवणारे. त्यांनी 1371 मध्ये मशिदीच्या मिनारासाठी संगमरवराचं सूर्यघड्याळ बनवलं, सुमारे दोन मीटर लांब. त्यावर कुणाचं चित्र नाही. रेघा आहेत, अक्षरं आहेत आणि उन्हाची सावली आहे. शहराला वेळही कळायची आणि बघणाऱ्याचं मनही भरायचं. त्याला कुणी कलाकृती म्हणा, कुणी यंत्र म्हणा.

आणि आपल्याकडे? बाबराने हिंदुस्थानातल्या घडियालींचं वर्णन करून ठेवलं आहे. पाण्यावर भोकाचं भांडं सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं, मग उंच टांगलेल्या पितळी तबकावर ठोके. रात्री जाग आली तर ठोके ऐकून घटका कळायची, पण कितवा पहर ते कळत नसे. म्हणून बाबराने हुकूम केला की घटकेच्या ठोक्यांनंतर पहराचेही ठोके द्या. बादशहाला रात्री झोप लागत नसावी, असं आमचं आपलं मत. मराठीतला तास हा शब्दही मुळात फारसीतलं ते धातूचं तबक. ते ठोकायचे म्हणून तास. साल, तारीख, मुदत, हंगाम, दररोज हे सगळे त्याच वाटेने मराठीच्या घरात आले आणि इथलेच झाले. पेशव्यांच्या दफ्तरातल्या मराठी कागदांवरसुद्धा वर्षाचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले सापडतात. आमच्या अब्बांच्या जुन्या पेटीत निजामाच्या काळचा एक कागद आहे, त्यावर फसली सन आहे. इसवी सन काढायला त्यात 590 मिळवावे लागतात. अब्बांची जन्मतारीख घरात कधीच नक्की झाली नाही, त्याचं हे एक कारण.

दुसऱ्या शंकेला, पोटाच्या, आमच्याकडे गोड उत्तर नाही. चार वर्षांची पदवी असते, राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आपल्याच शहरात शासकीय कला महाविद्यालय आहे म्हणजे मुलीला बाहेर ठेवायचा खर्च वाचतो. पुढे शाळेत शिक्षक, छपाई, कापडाची डिझाईन, घरसजावट, संगणकावरचं काम, अशा वाटा आहेत. त्या डॉक्टरकीइतक्या पक्क्या नाहीत. हे आम्ही भाचीसमोरच सांगितलं. तिला राग आला.

आता फळ्याकडे येतो. आम्ही आणि भाची भंगारवाल्याकडे गेलो. फळा सापडला, काच आधीच काढून विकलेली, जुम्याच्या तबकडीचा मोठा काटा तुटलेला. दीडशे रुपये सांगितले, शंभरात दिला. मशिदीच्या कमिटीतल्या एका सदस्यांना आम्ही फोन करून विचारलं, कारण मशिदीची वस्तू होती. ते हसले आणि म्हणाले, घेऊन जा, पण करणार काय?

ईदनंतर आमच्या कॉलनीत दरवर्षी ईदमिलन असतं. मोकळ्या प्लॉटवर मंडप, शीरखुर्मा, शेजारची सगळी घरं येतात, हिंदू-मुसलमान दोन्ही. भाचीने मंडपाच्या दारात एका खुर्चीवर फळा उभा केला. नमाजांची नावं तशीच ठेवली. त्यांच्याखाली छोट्या चिठ्ठ्या लावल्या आणि कॉलनीतल्या सहा माणसांना विचारून काटे लावले. फजरखाली: वॉचमन काका झोपायला जातात. जोहरखाली: नानीची दुसरी गोळी. असरखाली: समोरच्या काकूंची मुलगी शाळेतून येते. मगरिबखाली: अब्बू दुकानाचं शटर अर्धं ओढतात. इशाखाली: अम्मी नाइट ड्युटीला निघते. जुम्याच्या तुटक्या काट्याखाली चिठ्ठी कोरी होती, कारण सहावा माणूस ऐनवेळी नाही म्हणाला. शेजारी एक पेन ठेवलं होतं.

आधी मुलांनी काटे फिरवून खेळ केला. मग मोठ्यांनी. समोरच्या काकूंनी आपल्या मुलीची वेळ दहा मिनिटं पुढे केली, बस उशिरा येते म्हणे. नानींनी, म्हणजे आमच्या अम्मींनी, गोळीची वेळ चुकीची लावली आहे म्हणून आपाशी भांडण काढलं, आणि कळलं की त्या खरंच आठवडाभर चुकीच्या वेळी घेत होत्या. कोऱ्या चिठ्ठीवर कुणीतरी पेन्सिलीने एका माणसाचं नाव लिहून ठेवलं. गेल्या वर्षी आमच्याच गल्लीतून गेलेले. कुणी लिहिलं, कळलं नाही. भाचीने ते पुसलं नाही.

दुल्हेभाई शीरखुर्म्याची वाटी घेऊन बराच वेळ मगरिबच्या तबकडीसमोर उभे होते. शटर अर्धं ओढतो हे मुलीने कधी पाहिलं, असं त्यांनी आपाला विचारलं. आपा म्हणाली, रोज.

मुअज्जिन चाचा सगळ्यांत शेवटी आले. चिठ्ठ्या त्यांनी वाचल्या की नाही सांगता येत नाही, त्यांचा चष्मा खिशात होता. त्यांनी खिशातला मोबाईल काढून वेळ बघितली, असरचा काटा बोटाने सरकवून त्या दिवसाच्या जमातवर आणला, मग मगरिबचा. भाची म्हणाली, "चाचा, ये नमाज का टाइम नहीं है." ते म्हणाले, "बेटा, पर गलत दिख रहा था."

कलेच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म पुढच्या वर्षी निघेल. दुल्हेभाईंनी अजून हो म्हटलेलं नाही. परवा मात्र त्यांनी आम्हाला विचारलं की त्या महाविद्यालयाची फी किती असते, आणि अल्पसंख्याक मुलींना शिष्यवृत्ती मिळते का. चौकशी करून सांगतो म्हटलं आहे. कुणा वाचकाची मुलगी तिथे शिकत असेल तर मासिकाच्या पत्त्यावर जरूर लिहावं.

फळा सध्या आपाच्या घरी जिन्याखाली आहे. काच बसवून घ्यायची राहिली आहे.